विशेष शिक्षक व्हायचे आहे? कोल्हापुरात सुरुवात कशी करावी

बारावी किंवा पदवी झाली की "मला विशेष मुलांसाठी काम करायचे आहे, कोर्स कुठला करू?" असे विचारत येणारी मुले-मुली कोल्हापुरात आता बरीच भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, मात्र प्रश्नाचा क्रम चुकलेला असतो, कारण कोर्सच्या आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात आणि कोर्सनंतर पाच-सहा गोष्टी कोणीच सांगत नाही. हा लेख स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) असलेल्या मुलांना शिकवण्याचे, तसेच त्यांच्यातील खेळाडूंना तयार करण्याचे काम ज्यांना उपजीविका म्हणून करायचे आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे. मी वर्ग आणि मैदान या दोन्ही ठिकाणी काम करते, आणि ज्या क्रमाने या गोष्टींची गरज पडते त्याच क्रमाने त्या येथे मांडल्या आहेत.

१. आधी मुलांमध्ये जाऊन बसा

शहरात शेंडा पार्कच्या चेतना विकास मंदिरासारख्या विशेष शाळा आहेत. अशा एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना साधा लेखी अर्ज द्या, आणि "मला काही दिवस वर्गात मागे बसून पाहू द्यावे, पडेल ते काम करीन" एवढेच त्यात लिहा. वाढदिवसाचा केक घेऊन येणारे आणि मुलांसोबत फोटो काढून जाणारे पाहुणे शाळांना नेहमीचेच असतात. तुम्ही त्यांच्यापैकी नाही, हे तुमच्या वागण्यातून दिसू द्या आणि मोबाइल पिशवीत ठेवा.

पाहताना एकच मूल निवडा. ते प्रार्थनेला कसे उभे राहते, डबा कसा खाते, स्वच्छतागृहात त्याला किती मदत लागते, रिक्षावाले काका यायला उशीर झाला की काय करते, हे सलग पाहा. या कामात लाळ पुसावी लागते, कधी चावा बसतो, कधी मोठ्या मुलाचे कपडे बदलावे लागतात. हे सगळे पाहून झाल्यावरही दुसऱ्या दिवशी जावेसे वाटत असेल, तर पुढचा विचार करा. त्याचबरोबर पन्नास मुलांच्या सर्वसाधारण वर्गात अशी एक-दोन मुले कशी बसतात तेही पाहा, कारण पुढे तुमचे काम बहुधा अशाच वर्गात असेल.

२. कोणत्या मुलांसाठी काम करणार ते ठरवा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे तिन्ही त्यात स्वतंत्रपणे येतात. एडीएचडी मात्र त्या यादीत स्वतंत्र प्रकार म्हणून नाही, आणि पालकांशी बोलताना हा फरक माहीत असणे फार आवश्यक असते, कारण निदान झाले म्हणजे प्रमाणपत्रही मिळणारच असे ते गृहीत धरतात.

विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार विभागलेले आहेत. श्रवणदोष किंवा दृष्टिदोषाचा अभ्यासक्रम पूर्ण करून स्वमग्न मुलांच्या शाळेत अर्ज केला, तर शिक्षक म्हणून तुमची पात्रता जुळत नाही. "जिथे जागा मिळाली तिथे प्रवेश घेतला" असे सांगणारे पुढे याच ठिकाणी अडकतात. बौद्धिक व विकासात्मक अक्षमतेची शाखा घेतली तर स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता या तिन्हींशी तुमचा संबंध येतो, म्हणून या लेखाच्या वाचकांना मी सहसा तीच सुचवते.

३. अभ्यासक्रम निवडताना मान्यता स्वतः तपासा

बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एड. विशेष शिक्षण आणि पदवीनंतर दोन वर्षांचा बी.एड. विशेष शिक्षण हे दोन मुख्य मार्ग आहेत. दोन्हींसाठी पात्रता परीक्षेत साधारणपणे किमान ५० टक्के गुण लागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी दूरशिक्षणाचा पर्यायही पाहावा, परंतु त्यातही प्रात्यक्षिके आणि संपर्क वर्ग चुकवता येत नाहीत, हे आधीच घरी सांगून ठेवावे.

हे सगळे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, अखत्यारीत येतात. महाविद्यालयाच्या दारावर "आरसीआय मान्यताप्राप्त" अशी पाटी असणे पुरेसे नाही. मान्यता ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक अभ्यासक्रमासाठी असते, त्यामुळे तुम्ही ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेणार आहात त्या वर्षासाठी, त्याच शाखेसाठी, त्याच संस्थेचे नाव परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत आहे का ते स्वतः पाहा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा. फी भरण्यापूर्वीच हे करा.

दुसरा सापळा छोट्या प्रमाणपत्रांचा आहे. शनिवार-रविवारच्या वर्गातून "ऑटिझम थेरपिस्ट" किंवा "शॅडो टीचर" (वर्गात एकाच मुलासोबत बसून त्याला मदत करणारा शिक्षक) बनवून देणाऱ्या जाहिराती भरपूर दिसतात. त्यांतील काही वर्ग शिकण्याच्या दृष्टीने वाईट नसतात, पण त्यांच्या आधारावर परिषदेची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय तुम्ही विशेष शिक्षक म्हणून काम करू शकत नाही. एका ठिकाणी तर प्रवेशासोबत "पुढे आमच्याच शाळेत कायम करू" असे तोंडी आश्वासन देऊन वेगळी रक्कम मागितली जात असल्याचे मी पाहिले आहे. अशा वेळी पावती मागावी. बहुतेकदा विषय तेथेच संपतो.

४. केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवा

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार या क्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असणे बंधनकारक आहे. नोंदणीविना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. निकाल हातात आला की लगेच ऑनलाइन अर्ज करा. जाहिरात आल्यावर नोंदणीसाठी धावाधाव करणाऱ्यांचा क्रमांक बहुतेकदा हुकतो.

अर्जासाठी आणि नंतरच्या प्रत्येक मुलाखतीसाठी पुढील कागदपत्रांची एक फाइल कायम तयार असावी:
– दहावी, बारावी व पदवीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे
– विशेष शिक्षणाच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका व अंतिम प्रमाणपत्र
– आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा, अलीकडचे फोटो
– नावात बदल असल्यास विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्राची प्रत
– जातीचा दाखला व पडताळणी प्रमाणपत्र, लागू असल्यास
– पोलिस पडताळणीचा दाखला
– अनुभवाची पत्रे, ज्यांवर तारखा आणि मुलांचा वयोगट स्पष्ट लिहिलेला असेल

महाविद्यालयाच्या कागदांवर नावाचे किंवा आडनावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी जुळत नसेल, तर ते विद्यार्थी असतानाच दुरुस्त करून घ्या. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांचे गुण लागतात. ते शेवटच्या वर्षात गोळा करण्यापेक्षा दरवर्षी थोडे थोडे मिळवावेत.

५. वर्गातील पहिले वर्ष : लहान पायऱ्या आणि लेखी नोंद

अभ्यासक्रमात तुम्ही मूल्यमापनाची साधने शिकाल. स्वमग्नतेसाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी आहे, रोजच्या कार्यात्मक कौशल्यांसाठी एफएसीपी ही तपासणी-सूची आहे, वर्तनासाठी वेगळी श्रेणी आहे. यांच्या आधारे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, म्हणजे आयईपी, तयार करावा लागतो. नवख्या शिक्षकाचा आयईपी बहुधा "राहुल स्वावलंबी होईल" अशा वाक्यांनी भरलेला असतो. त्यावरून सोमवारी सकाळी दहा वाजता काय करायचे ते कळत नाही.

समजा, ध्येय आहे डबा उघडून जेवणे. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा समोर ठेवा आणि तुम्ही स्वतः तो कसा उघडता ते पाहून लिहा: पिशवीची चेन ओढणे, डबा बाहेर काढणे, टेबलावर ठेवणे, डाव्या हाताने तळ धरणे, उजव्या हाताने झाकणाची कड वर उचलणे, झाकण बाजूला ठेवणे. आता यातील सगळ्या पायऱ्या तुम्ही करा आणि फक्त शेवटची, आधीच सैल केलेले झाकण बाजूला ठेवण्याची, मुलाकडून करून घ्या. ती जमली की तिच्या आधीची. शेवटाकडून शिकवल्यामुळे प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होते आणि समोर लगेच जेवण असते, त्यामुळे वेगळ्या बक्षिसाची गरजच पडत नाही. रोजच्या तक्त्यात प्रत्येक पायरीपुढे चारपैकी एक खूण करा: स्वतः केले, सांगितल्यावर केले, खुणेने केले, हात धरून केले. पंधरा दिवसांनी हात धरण्याच्या खुणा कमी झाल्या नसतील, तर पायरी अजून मोठी आहे असे समजा. मूल आळशी आहे असे समजू नका.

वर्तनाच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. मूल अचानक कान झाकून वर्गाबाहेर पळते, तेव्हा "हट्टी आहे" असे लिहून काही हाती लागत नाही. आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा कशातून सुटका झाली, असे तीन रकाने रोज भरा. आठवड्याभरात कदाचित असे दिसेल की हे दरवेळी शेजारच्या वर्गात बाजाची पेटी सुरू झाल्यावरच होते. मग उपाय सोपा असतो: जागा बदला, आधी चित्र दाखवून कल्पना द्या, किंवा त्या दहा मिनिटांत त्याला कार्यालयात हजेरीपत्रक पोहोचवण्याचे काम द्या.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांची अडचण वेगळी असते. "पोरगं हुशार आहे बाई, नुसता आळस" असे म्हणणारे पालक तुम्हाला दर आठवड्याला भेटतील. तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी उत्तरात जोडाक्षरे, वेलांट्या गळालेल्या, अशी दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून दाखवली, तर व्याख्यानापेक्षा लवकर पटते.

६. मैदानावर जाताना

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी मुख्य दार स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या संस्थेचे आहे. ही चळवळ अमेरिकेत १९६८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या स्पर्धांत आठ वर्षांपुढील खेळाडूला भाग घेता येतो. वयाची कमाल मर्यादा नाही. प्रशिक्षक व्हायचे असेल तर त्यांच्या राज्य शाखेच्या प्रशिक्षण शिबिरांना जा. बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जोडीला असेल तर उत्तमच.

येथील स्पर्धेची रचना शालेय स्पर्धेपेक्षा वेगळी असते. खेळाडूंचे गट वय, लिंग आणि क्षमता यांवरून पाडतात आणि एका गटातील सर्वांत चांगल्या व सर्वांत मागे असलेल्या कामगिरीत साधारण १५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा असा प्रयत्न असतो. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावायला सांगून सोप्या गटात घुसवण्याची क्लृप्ती काही प्रशिक्षक करतात. अंतिम फेरीतील वेळ प्राथमिक फेरीपेक्षा ठरावीक प्रमाणाबाहेर सुधारली तर खेळाडू बाद होऊ शकतो, आणि त्याला आपण बाद का झालो हे समजावून सांगणारे तुम्हीच असता.

केवळ स्वमग्नता किंवा केवळ अध्ययन अक्षमता असलेल्या आणि बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलाला येथे खेळाडू म्हणून प्रवेश मिळेलच असे नाही. युनिफाइड संघात, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकत्र खेळतात त्या संघात, जोडीदार म्हणून तो खेळू शकतो. पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक अक्षमतेसाठी ॲथलेटिक्सचा टी-२० आणि जलतरणाचा एस-१४ असे वर्ग आहेत. तेलंगणाच्या दीप्ती जीवनजी हिने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ४०० मीटर टी-२० शर्यतीत कांस्यपदक मिळवले, हे पालकांना जरूर सांगा. मात्र स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक या दोन स्पर्धांचे निकष वेगवेगळे आहेत, हेही त्याच बैठकीत सांगा.

आता सुरक्षिततेच्या बाबी, ज्यांत तडजोड नको. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके अस्थिर असतात. आपल्याकडे पोरगं अंगाने भरलेले दिसले की वडील किंवा आजोबा त्याला कौतुकाने तालमीत नेतात. मानेवर पूल काढणे, कोलांटी, पाण्यात सूर मारणे यांपैकी काहीही डॉक्टरांच्या तपासणीशिवाय करू देऊ नका. चालण्यात अचानक फरक पडला, मान दुखू लागली किंवा हातांतली पकड सैल झाली, तर सराव त्याच क्षणी थांबवा.

फिट येणाऱ्या मुलांच्या बाबतीत नाकाला चप्पल किंवा कांदा लावणारे हात गर्दीतून लगेच पुढे येतात. त्यांना दूर ठेवा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा. काही औषधांमुळे घाम कमी येतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी लवकर उरका आणि पाणी मागण्याची वाट न पाहता द्या.

कोल्हापूरचे स्वतःचे असे दोन अडथळे आहेत. पहिला पावसाचा: जून ते सप्टेंबर मैदान हातात नसते, आणि दिनक्रम मोडला की स्वमग्न खेळाडू फार अस्वस्थ होतो. त्यामुळे मे महिन्यातच आठवड्यातून एक दिवस सभागृहातील सराव सुरू करा, म्हणजे पावसाळ्यात जागा नवी वाटत नाही. दुसरा अडथळा आवाजाचा. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असेल तेव्हा हलगी-घुमक्याचा आवाज शेजारच्या रस्त्यापर्यंत येतो. आपल्याला त्याने स्फुरण चढते, पण एखाद्या खेळाडूला तो असह्य होतो. सरावाची वेळ ठरवताना सामन्यांचे वेळापत्रक पाहा. सुरुवातीच्या इशाऱ्यासाठी आधी हात वर करून खाली आणण्याची खूण, मग त्यासोबत टाळी, मग शिट्टी, असे टप्प्याटप्प्याने नेले तर स्पर्धेच्या दिवशी खेळाडू रेषेवर कान झाकून बसत नाही.

७. पालकांची कागदपत्रे तुम्हाला माहीत असलीच पाहिजेत

तुम्ही शिक्षक आहात, दलाल नाही; तरीही गावाकडून आलेली आई पहिल्यांदा तुम्हालाच विचारते. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. कोल्हापुरात त्यासाठी बहुतेक पालक सीपीआर या शासकीय रुग्णालयात जातात. कार्ड मोफत असते. "करून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून पालकांना सावध करा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक आणि इतर सवलती मिळतात. कोल्हापूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच तयारी सुरू करा. परीक्षेचे प्रवेशपत्र हाती आल्यावर धावपळ करणाऱ्यांना काहीच मिळत नाही. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, तिची मर्यादा एक लाख रुपयांपर्यंत आहे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि ही गोष्ट बहुतेक पालकांना बँकेत अडल्यावरच कळते.

८. नोकरी कुठे आणि कशी

विशेष शाळा राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाकडे येतात. हा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे. सर्वसाधारण शाळांतील मुलांसाठीचे विशेष शिक्षक मात्र समग्र शिक्षा अभियानातून, गट साधन केंद्रांमार्फत काम करत आले आहेत. म्हणजे दोन विभागांच्या दोन वेगळ्या जाहिराती पाहाव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढील स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले, आणि राज्य शासनाने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्रस्तरावर (समूह साधन केंद्रांत) ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. यातील बरीच पदे आधीपासून कंत्राटी काम करणाऱ्यांच्या समायोजनासाठी आहेत, त्यामुळे एवढ्या मोठ्या आकड्याकडे पाहून हातातले काम सोडू नका.

तोपर्यंत बहुतेकांची सुरुवात विनाअनुदानित शाळेत, खासगी शाळेच्या समुपदेशन कक्षात किंवा घरोघरी जाऊन होते. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. नियुक्तिपत्रात पदनाम "विशेष शिक्षक" असेच लिहून घ्या. "सहायक" किंवा "मदतनीस" लिहिले तर तो अनुभव पुढे मोजला जाईलच याची खात्री नाही. घरी जाऊन शिकवत असाल तर घरातील मोठी व्यक्ती त्याच खोलीत किंवा नजरेच्या टप्प्यात असावी, ही अट पहिल्याच दिवशी सांगा. ही अट मुलाला जितकी सुरक्षित ठेवते तितकीच तुम्हालाही.

आणि एक कर्तव्य, ज्याबद्दल मुलाखतीत कोणी विचारत नाही. बोलता न येणाऱ्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली, तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. "आधी संस्थाचालकांशी बोलू" हा सल्ला कितीही वरिष्ठ व्यक्तीने दिला तरी तो त्या बंधनातून तुम्हाला सोडवत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन वर्गातील भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, आणि मुलाच्या वागण्यात झालेला अचानक बदल त्याच तीन रकान्यांच्या नोंदवहीत, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी लिहा.